ट्रायलमध्ये नाव द्यायचं आहे? आधी कागद, मग शोध, सगळ्यात शेवटी सही

रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना क्लिनिकल ट्रायल शोधायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. आजार वेगवेगळे असतात, चुका मात्र त्याच. लोक आधी फोन लावतात, मग धावपळ करून कागद गोळा करतात, नकार आल्यावर निकष वाचतात आणि सही पहिल्याच भेटीत करून मोकळे होतात. क्रम वेगळा हवा. तो कसा, ते खाली टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी नीट समजून घ्या. एखादं औषध, उपकरण, शस्त्रक्रिया किंवा उपचारपद्धत उपयोगी आणि सुरक्षित आहे का, या प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठी ट्रायल असते. तिच्यातून तुम्हाला फायदा होईल किंवा होणारही नाही. अनेक ट्रायलमध्ये नवं औषध कोणाला आणि तुलनेचं कोणाला, हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवतो. ‘नवं औषध मिळणारच’ असं धरून जे येतात, त्यांना पुढे फार जड जातं.

टप्पा १: चालू डॉक्टरांशी बोला

ट्रायल शोधतोय हे डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना राग येईल या भीतीने लोक गप्प बसतात आणि नंतर त्यांच्याच सहीचा सारांश मागायला जातात. तीन प्रश्न विचारा. नेहमीच्या मान्य उपचारांपैकी माझ्यासाठी काय शिल्लक आहे? मी किती आठवडे थांबू शकतो? आणि तुम्ही आता जे औषध सुरू करणार आहात, त्यामुळे पुढे एखाद्या ट्रायलचं दार बंद होईल का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, आणि पुष्कळदा सगळं त्याच्यावरच अडतं. कर्करोगाच्या अनेक ट्रायलमध्ये ‘याआधी जास्तीत जास्त इतके उपचार झालेले’ अशी मर्यादा असते, किंवा त्याच गटातलं औषध आधी घेतलेलं चालत नाही. काही जनुकीय उपचार एएव्ही नावाच्या विषाणूच्या कवचातून शरीरात सोडतात. असा उपचार एकदा घेतला की त्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि तशा प्रकारच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत. त्यामुळे नवं औषध सुरू होण्याआधीच हे बोलणं व्हायला हवं.

टप्पा २: एक पान आणि एक फाईल

या टप्प्याला वेळ द्या. दोन-तीन दिवस गेले तरी चालतील.

आधी एकाच पानावर, टाइप केलेला सारांश तयार करा. त्यात एवढं हवं:

- वय, लिंग, आजाराचं रिपोर्टमध्ये आहे तसंच पूर्ण नाव, निदानाची तारीख
- आजाराचा प्रकार आणि टप्पा
- आजवरचा प्रत्येक उपचार: कधी सुरू, कधी बंद, का बंद
- सध्याची सगळी औषधं: डोस आणि कधीपासून
- इतर आजार, ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया
- महत्त्वाचे ताजे आकडे, प्रत्येकापुढे तारीख
- रोजची कामं स्वतः करता येतात का, प्रवास झेपतो का, सोबत कोण येणार

‘का बंद’ हा रकाना लोक रिकामा सोडतात. औषध चालू असताना आजार वाढला, औषधाचा त्रास झाला, की ठरलेला कोर्स पूर्ण झाला? निकषांच्या दृष्टीने ही तीन अगदी वेगळी उत्तरं आहेत. आणि ‘सगळी औषधं’ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्या, काढे, भस्मं, प्रोटीनची पावडर, व्हिटॅमिन, सगळं त्यात आलं. काही वनस्पतिजन्य औषधं यकृतातल्या एन्झाइमांवर परिणाम करतात आणि ट्रायलच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलतं, म्हणून ती विचारली जातात.

आता फाईल. एक मुलगी वडिलांची फाईल घेऊन आली होती. तारखेनुसार लावलेली, प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या कप्प्यात. फुप्फुसाचा कर्करोग होता आणि ट्रायल चालवणाऱ्या केंद्राला ईजीएफआर आणि एएलके या जनुकांचा निकाल हवा होता. जनुकीय रिपोर्ट फाईलमध्ये होता, पण फक्त पहिलं पान: नाव, नमुन्याचा क्रमांक, लॅबचा पत्ता. निकाल दुसऱ्या पानावर होता, आणि ते पान मोबाइलवर फोटो काढून पाठवताना कधीच कोणी पाठवलं नव्हतं. लॅबकडून प्रत यायला नऊ दिवस लागले. तोवर त्या गटातली शेवटची जागा भरली होती.

कोणत्या आजारात काय लागतं, ते थोडक्यात सांगते. कर्करोगात बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट, टप्पा, जनुकीय किंवा रिसेप्टरचे निकाल, आणि गाठीचा मेणातला ठोकळा कुठे ठेवला आहे याची माहिती. लॅबवाले त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि पुष्कळ ट्रायलमध्ये त्याच्यावर पुन्हा तपासणी करतात. स्कॅनचा नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही, प्रतिमांची सीडी किंवा फाइल लागते. शिवाय ईकॉग नावाची ० ते ५ ची मोजपट्टी असते. ० म्हणजे सगळी कामं पूर्वीसारखी करणारा रुग्ण. बऱ्याच ट्रायलमध्ये ० किंवा १ लागतो, काहींत २ चालतो. हा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या ट्रायलमध्ये सगळं आकड्यांवर चालतं: एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, ईजीएफआर. इथे हमखास गोंधळ होतो. मूत्रपिंड किती गाळतं ते दाखवणारा ईजीएफआर वेगळा आणि कर्करोगातलं ईजीएफआर जनुक वेगळं. अक्षरं तीच आहेत, म्हणून सारांशात ‘मूत्रपिंडाचा’ असं स्पष्ट लिहा. हृदय कमजोर असेल तर इकोमधला इजेक्शन फ्रॅक्शनचा टक्का लागतो. दम्यासाठी पंप घेण्याआधीची आणि नंतरची स्पायरोमेट्री, रक्तातल्या इओसिनोफिलचा आकडा, आणि गेल्या १२ महिन्यांत किती वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, ते.

मायग्रेन आणि फिट्ससाठी रिपोर्टपेक्षा डायरी मोलाची. महिन्यात किती दिवस डोकं दुखलं, किती झटके आले, हे आठवून सांगितलेलं टिकत नाही, म्हणून आजपासून लिहायला लागा. स्मृतिभ्रंशाच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा एक ‘सोबती’ लागतो. रुग्णाला रोज भेटणारा, प्रत्येक वेळी येऊन प्रश्नांची उत्तरं देणारा माणूस. तो कोण, हे घरात आधी ठरवा. नैराश्यात ‘औषधांना दाद न देणारं’ ही पाटी लागायला सहसा किमान दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊन पाहिलेली असावी लागतात. म्हणजे डोस आणि आठवडे, दोन्ही लिहा. दुर्मीळ आनुवंशिक आजारात ‘जीन टेस्ट पॉझिटिव्ह’ एवढ्याने भागत नाही. नेमका कोणता बदल सापडला, तो रिपोर्टमधल्या अक्षर-अंकांसकट उतरवा.

तपासून पाहा: प्रत्येक रिपोर्टची सगळी पानं आहेत का? ‘पान १ / ३’ असं लिहिलेलं असेल तर तिन्ही मोजा. झेरॉक्समध्ये नाव आणि तारीख कापली गेलेली नाही ना?

टप्पा ३: नोंदवहीत शोधा

ओळखीच्या माणसाने पाठवलेल्या मेसेजवर विसंबू नका, थेट नोंदवही उघडा, म्हणजे ट्रायलची माहिती जिथे जाहीर नोंदवतात ती वेबसाइट. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ ही सगळ्यात मोठी. तिच्यात अमेरिकेबाहेरच्याही हजारो ट्रायल आहेत. भारतातल्या ट्रायलसाठी ‘सीटीआरआय’, युरोपियन युनियनसाठी ‘सीटीआयएस’, शिवाय ब्रिटनमधून चालणारी ‘आयएसआरसीटीएन’. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘आयसीटीआरपी’ हे पोर्टल अनेक देशांच्या नोंदवह्यांमधली माहिती एकत्र दाखवतं. तिथून सुरुवात करा, पण सविस्तर नोंद मूळ नोंदवहीतच वाचा.

आजाराचं नाव इंग्रजीत, रिपोर्टमध्ये आहे तसं टाका. मग त्याची दुसरी नावं, मग फक्त जनुकाचं नाव. एकाच शोधावर थांबलात तर अर्ध्या नोंदी निसटतात.

सापडलेल्या नोंदीत पहिल्यांदा तिची स्थिती पाहा. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे भरती चालू. ‘नॉट यट रिक्रूटिंग’ म्हणजे अजून सुरू व्हायची आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. ‘ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ या शब्दांनी लोक हमखास फसतात. ट्रायल चालू आहे, पण नवे रुग्ण घेणं बंद झालेलं आहे. ‘एनरोलिंग बाय इन्व्हिटेशन’ म्हणजे ठरावीक लोकांनाच बोलावतात, आपण फोन करून उपयोग नाही. अमेरिकेच्या नोंदवहीत ‘अननोन’ दिसलं तर ट्रायल संपायची तारीख उलटली आहे आणि दोन वर्षांहून जास्त काळ कोणी स्थितीची खात्री केलेली नाही, असं समजा. नोंद शेवटची कधी अद्ययावत झाली, ती तारीखही बघा.

प्रत्येक ट्रायलला क्रमांक असतो. अमेरिकेच्या नोंदवहीत ‘एनसीटी’ आणि पुढे आठ आकडे, सीटीआरआयमध्ये वर्ष आणि महिना घातलेला क्रमांक. तो जसाच्या तसा उतरवून ठेवा. पुढचं सगळं बोलणं या क्रमांकावर होतं.

सावधान: नोंदवहीत नाव आहे म्हणजे ट्रायल सरकारने तपासून मान्य केली आहे, असा अर्थ होत नाही. पैसे घेऊन सिद्ध न झालेले स्टेम सेल उपचार करणाऱ्यांनीही अशा नोंदी केलेल्या आहेत. ट्रायलमध्ये घेण्यासाठी, ‘जागा राखण्यासाठी’ किंवा औषधासाठी कोणी मोठी रक्कम मागितली, तर तिथेच थांबा आणि नैतिक समितीची, म्हणजे सहभागी लोकांचं हित पाहून ट्रायलला परवानगी देणाऱ्या समितीची, मान्यता दाखवायला सांगा.

टप्पा ४: निकष वाचा, वगळण्याची यादी आधी

निकषांच्या दोन याद्या असतात: कोणाला घेणार आणि कोणाला वगळणार. लोक पहिली वाचून हरखतात. तुम्ही दुसरी आधी वाचा, कारण नकार बहुधा तिथूनच येतो. पेन घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: बसतं, बसत नाही, विचारायचं. शंका असलेली ओळ ‘बसतं’ मध्ये ढकलू नका.

वेळेची अट असलेल्या ओळी नीट पाहा. ‘आधीच्या औषधानंतर २८ दिवस किंवा पाच अर्धायुष्यं’ अशी भाषा पुष्कळदा असते. अर्धायुष्य म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. निम्म्याचं निम्मं असं पाच वेळा झालं की मूळच्या सुमारे ३ टक्के औषध उरतं, म्हणून पाच. दोन्हींपैकी जे कमी ते धरायचं की जे जास्त ते, हे पुढच्या शब्दांत लिहिलेलं असतं. तो शब्द वाचल्याशिवाय तारीख मोजू नका.

सावधान: निकषात बसावं म्हणून कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. एका गृहस्थांनी यादीत स्टेरॉइडचा उल्लेख पाहिला आणि कित्येक महिने चालू असलेली गोळी एका दिवसात सोडली. चौथ्या दिवशी चक्कर, उलट्या, रक्तदाब खाली, आणि रुग्णालयात भरती. अट होती दिवसाला १० मिलीग्रॅमपेक्षा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड नको अशी, आणि ते घेत होते ५. गोळी सोडायची गरजच नव्हती. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीराला स्वतःचं संप्रेरक लगेच तयार करता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

कर्करोगात ‘मोजता येणारा आजार’ ही अट वारंवार येते. रेसिस्ट या प्रचलित मोजमापानुसार सीटी स्कॅनवर सहसा किमान १० मिलिमीटरची गाठ लागते, आणि लसिकाग्रंथी असेल तर तिची आखूड बाजू किमान १५ मिलिमीटर. गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली असेल तर अशा ट्रायलमध्ये तुम्ही बसत नाही. तुमच्यासाठी शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांच्या ट्रायल वेगळ्या असतात, त्या शोधा.

याच बैठकीत ट्रायलची रचना वाचा. पहिल्या टप्प्यातल्या (फेज १) ट्रायलचा मुख्य प्रश्न डोस आणि सुरक्षितता हा असतो, बऱ्याचदा २० ते १०० लोकांत. तिसऱ्या टप्प्यात (फेज ३) शेकडो ते हजारो लोकांत नव्या उपचाराची तुलना होते. तुलना कशाशी आहे ते पाहा: चालू उपचाराशी, की प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी? गंभीर आजारात प्लासिबो पुष्कळदा नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिलेला असतो. ‘प्लासिबो’ शब्द दिसताच पान मिटू नका, ते वाक्य शेवटपर्यंत वाचा.

टप्पा ५: केंद्राशी संपर्क

ईमेलच्या विषयात ट्रायलचा क्रमांक लिहा, सोबत तुमचं एक पान जोडा. मजकूर चार ओळींचा पुरे:

‘अमुक क्रमांकाच्या ट्रायलबद्दल लिहीत आहे. रुग्णाचं वय अमुक, निदान अमुक, शेवटचा उपचार अमुक तारखेला थांबला. निकष वाचले आहेत, फक्त अमुक अटीबद्दल शंका आहे. आपल्या केंद्रावर भरती चालू आहे का, आणि कोणते रिपोर्ट पाठवू?’

केंद्रावर ट्रायलचं काम पाहणाऱ्या समन्वयकाच्या टेबलावर अशा चौकशा खूप येतात. साठ फोटोंच्या मेसेजपेक्षा या चार ओळींना लवकर उत्तर मिळतं. चार-पाच दिवसांत काही आलं नाही, तर फोन करा.

नोंदवहीत भरती चालू दिसली तरी त्या केंद्राचा किंवा तुमच्या गटाचा कोटा भरलेला असू शकतो, म्हणून हे फोनवर आधी विचारा आणि मगच प्रवासाचं ठरवा. दोन-तीन ट्रायलची चौकशी एकाच वेळी करायला हरकत नाही. औषधांच्या दोन ट्रायलमध्ये एकाच वेळी भाग मात्र सहसा घेता येत नाही. बँकेचे तपशील या टप्प्यावर कोणालाच देऊ नका.

टप्पा ६: संमतीपत्र घरी आणा

संमतीपत्र बऱ्याचदा वीस-पंचवीस पानांचं असतं. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं, घरी न्यायला मिळायला हवं आणि प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत वेळ मिळायला हवा. ‘आज सही केली नाही तर जागा जाईल’ असं कोणी म्हणालं तर सही करू नका.

मी सगळ्यांना आधी भेटींचा तक्ता वाचायला सांगते. एका बाईंनी तो तक्ता भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी ठेवून एकेका भेटीवर पेन्सिलने गोल केला. पहिल्या सहा महिन्यांत १९ गोल झाले. त्यातल्या दोन भेटी बारा-बारा तासांच्या, दर थोड्या वेळाने रक्त घ्यायच्या. त्या दिवसांची रजा आणि घरातल्या लहान मुलाची सोय कोण करणार, हे त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं आणि मग सही केली. त्यांची एकही भेट चुकली नाही.

तक्त्यानंतर धोके वाचा, आणि मग ही उत्तरं लिहून घ्या:

- ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार?
- कोणत्या तपासण्या मोफत, कोणत्या माझ्या खर्चाने? प्रवासखर्च मिळतो का?
- रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
- ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहील का?
- गर्भनिरोधनाची अट आहे का, आणि ती किती महिने?

शेवटच्या पानांवर पुष्कळदा ऐच्छिक चौकोन असतात: उरलेलं रक्त साठवणं, जनुकीय अभ्यास, पुढच्या संशोधनासाठी वापर. त्यांना ‘नाही’ म्हणूनही मूळ ट्रायलमध्ये राहता येतं. घाईत सगळ्यांवर खूण करू नका.

तपासून पाहा: सही-तारखेसकट संमतीपत्राची प्रत हातात आली का? नैतिक समितीचा संपर्क त्यात आहे का?

टप्पा ७: स्क्रीनिंग

सही झाली म्हणजे प्रवेश झाला, असं नाही. सहीनंतर तपासण्या होतात, त्यांना काही दिवसांपासून साधारण महिनाभर लागतो, आणि मगच निर्णय होतो. नातेवाइकांना पेढे वाटण्याआधी हे सांगा.

इथे खरं बोला. दारू, तंबाखू, आधीची ट्रायल, चुकलेले डोस, मनात येणारे आत्महत्येचे विचार, काहीच लपवू नका. या अटी तुमच्याच जिवाच्या काळजीने घातलेल्या असतात. तुम्ही लपवलेल्या गोष्टीचा आणि नव्या औषधाचा मेळ बसला नाही, तर भोगावं तुम्हालाच लागतं.

नकार आला तर नेमका कोणत्या अटीवर, ते विचारा. एखादा आकडा तात्पुरता बिघडला असेल तर पुन्हा तपासणीची मुभा असते का, हेही विचारा. रिपोर्टच्या प्रती मागून घ्या, त्या पुढच्या ट्रायलला उपयोगी पडतात. आणि त्याच आठवड्यात चालू डॉक्टरांना भेटून नेहमीचा उपचार सुरू करा. पुढच्या ट्रायलच्या आशेवर उपचाराविना आठवडे घालवणं, ही मी पाहिलेली सगळ्यात महागात पडलेली चूक आहे.

टप्पा ८: ट्रायल चालू असताना

ट्रायलचं मिळालेलं ओळखपत्र पाकिटात ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला दाखवा. नवीन कोणतंही औषध, साधी सर्दीची गोळीसुद्धा, आधी केंद्राला विचारून घ्या. रिकाम्या पट्ट्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या असतात, टाकू नका. डोस चुकला तर चुकला असंच डायरीत लिहा. रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर त्याच दिवशी केंद्राला कळवा. तुम्ही कोणतं औषध घेताय हे जीव वाचवण्यासाठी कळणं गरजेचं असेल, तर गुपित उघडण्याची सोय प्रत्येक झाकलेल्या ट्रायलमध्ये, म्हणजे कोणाला कोणतं औषध चालू आहे हे सांगत नाहीत अशा ट्रायलमध्ये, असते.

ट्रायल केव्हाही, कारण न देता सोडता येते आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवले जात नाहीत. पण भेटींना जाणंच बंद करू नका. फोन करून सांगा, कारण काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात आणि शेवटची सुरक्षिततेची तपासणी तुमच्याच फायद्याची असते.

संपताना विचारा की मी कोणत्या गटात होतो हे कधी कळेल आणि निकाल कुठे जाहीर होतील. उत्तर यायला कधी वर्षंही लागतात. मग टप्पा २ मधला सारांश पुन्हा काढा आणि त्यात एक ओळ वाढवा: ट्रायलचा क्रमांक, औषधाचं नाव किंवा सांकेतिक नाव, शेवटच्या डोसची तारीख. पुढच्या वेळी कोणत्याही केंद्रावर गेलात तरी पहिल्या फोनला हेच तीन तपशील विचारतात.